वाढत जाणारा उशीर: लाइव्ह कार्यक्रमात लेटन्सी साचत जाते तेव्हा

पहिली रचना सुरू झाली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. माझा सहकारी व्हायोलिनवर गज ओढत होता आणि सूर त्याच क्षणी त्याच्या इअरफोनमध्ये पोचत होता. मी लॅपटॉपवर लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) आणि रिव्हर्ब (आवाजाला दिलेला खोलीचा घुमारा) सांभाळत होते, गायिका माझ्या डावीकडे उभी होती. दुसरी रचनाही नीट गेली. तिसरीत मला वाटू लागलं की तो लय मागे खेचतोय. चौथी संपली तेव्हा सुरुवातीपासून साधारण २५ मिनिटं झाली होती. त्याने एका कानातला इअरफोन काढला आणि माझ्याकडे बघितलं. गज आधी आणि सूर मागून, असं त्याला ऐकू येत होतं. गायिकेची मात्र काहीच तक्रार नव्हती.

मी ऑडिओ इंजिन, म्हणजे प्रोग्रॅमचा आवाज हाताळणारा भाग, बंद करून परत सुरू केलं. उशीर गेला. पाचवी रचना छान झाली. आठवी पुन्हा मागे पडली.

हे लिखाण या एकाच प्रकारच्या उशिराबद्दल आहे. तो सुरुवातीला नसतो, वाजवता वाजवता वाढतो आणि रीस्टार्ट केलं की नाहीसा होतो. मला त्याचं मूळ सापडायला चार महिने लागले, कारण मी चुकीच्या जागी हात घालत होते. तुमचे चार महिने वाचावेत म्हणून जे केलं, जे मोजलं ते सगळं सांगते.

आधी ठरवा, हा तोच उशीर आहे का

लेटन्सीच्या, म्हणजे आवाजाच्या उशिराच्या, नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र सांगितल्या जातात. पहिली म्हणजे ठरलेला उशीर. पहिल्या मिनिटाला जेवढा, तेवढाच साठाव्या मिनिटाला. दुसरी म्हणजे तडतड, मध्येच आवाज तुटणं. तिसरी म्हणजे वाढता उशीर. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही.

ठरलेल्या उशिराचं गणित सोपं आहे. कॉम्प्युटर आवाजाची सेकंदाला हजारो मापं घेतो: एक माप म्हणजे सॅम्पल, सेकंदातल्या मापांची संख्या म्हणजे सॅम्पल रेट, आणि एकदम हाताळलेला सॅम्पलचा गट म्हणजे बफर. बफर १२८ सॅम्पलचा आणि सॅम्पल रेट ४८,००० असेल तर एका बफरला २.७ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एक बफर, बाहेर जाताना एक, वर ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) सुरक्षिततेसाठी ठेवलेली थोडी जागा आणि कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाचा) वेळ. माझ्या मुख्य इंटरफेसवर (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणावर) ही बेरीज ९.१ मिलिसेकंद येते. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ९ मिलिसेकंद उशीर हा स्पीकरपासून तीन मीटरवर उभं राहून वाजवण्यासारखा झाला, आणि तेवढ्या अंतरावरून वाजवणं बहुतेक वादकांना जमतं. गायकांना इअरफोनमधला उशीर जास्त खुपतो, कारण स्वतःचा आवाज त्यांना हाडांमधूनही ऐकू येत असतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळून विचित्र पोकळ लागतात. तरी तोही ठरलेला उशीरच. त्यासाठी बफर कमी करणं हा योग्य उपाय आहे.

वाढत्या उशिरासाठी तो उपाय नाही, आणि माझी फसगत नेमकी इथेच झाली. मी बफर २५६ वरून १२८ वर आणला आणि उशीर गेला. पुढच्या सरावाला परत आला, मी ६४ वर आणला, परत गेला. मला वाटायचं की दिशा बरोबर आहे, अजून थोडं खाली जायला हवं. प्रत्यक्षात बफर बदलला की इंजिन नव्याने सुरू होतं आणि साचलेलं सगळं रिकामं होतं. उपाय लागू पडत होता तो रीस्टार्टमुळे. ६४ वर मात्र तडतड सुरू झाली आणि माझ्याकडे एकाऐवजी दोन अडचणी झाल्या.

म्हणून पहिली चाचणी ही करा. उशीर जाणवू लागला की एकही सेटिंग न बदलता फक्त इंजिन बंद करून चालू करा. उशीर पूर्ण गेला तर पुढचं वाचा. थोडाही कमी झाला नाही, तर तो ठरलेला उशीर आहे.

हौद आणि दोन नळ

शाळेत सगळ्यांनी सोडवलेलं उदाहरण आठवा: एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो, तर अमुक वेळाने हौदात पाणी किती? वाढता उशीर हे तेच उदाहरण आहे. आवाज एका ठिकाणाहून येतो, दुसऱ्या ठिकाणी वापरला जातो आणि मधे एक रांग असते. येणं आणि जाणं अगदी समान असेल तर रांगेची लांबी बदलत नाही. येणं किंचित जास्त झालं की रांग वाढते, आणि रांगेत शेवटी उभं राहिलेल्या सॅम्पलला बाहेर पडायला तेवढा जास्त वेळ लागतो. रांगेची लांबी म्हणजेच तुम्हाला ऐकू येणारा उशीर.

त्यामुळे 'कॉम्प्युटर हळू झालाय' हे निदान एकट्याने पुरत नाही. ज्या साखळीत एकच इंटरफेस, एकच ड्रायव्हर आणि एकच प्रोग्रॅम आहे, तिथे कॉम्प्युटर मागे पडला तर आवाज तुटतो, पण साचत नाही, कारण साचायला जागाच नसते. साचण्यासाठी कुठेतरी हौद लागतो: दोन उपकरणांना जोडणारा पूल, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात आवाज नेणारी आभासी केबल, नेटवर्कवरून आलेल्या आवाजाचा साठा, मिडी संदेशांची (कोणता स्वर वाजवायचा हे वाद्यांना सांगणाऱ्या संदेशांची) रांग. तुमच्या मांडणीचं चित्र कागदावर काढा. प्रत्येक उपकरण, प्रत्येक प्रोग्रॅम, त्यांच्यामधले बाण. प्रत्येक इंटरफेसचं स्वतःचं घड्याळ असतं; जिथे बाण एका घड्याळाकडून दुसऱ्या घड्याळाकडे जातो तिथे लाल खूण करा. हौद त्या खुणांपैकी एकीवर असण्याची शक्यता सर्वात जास्त आहे.

माझ्या चित्रात अशी एकच खूण होती. गायिकेचा माइक मुख्य इंटरफेसमध्ये जात होता. व्हायोलिन मात्र सहकाऱ्याच्या स्वतःच्या छोट्या यूएसबी इंटरफेसमधून यायचं, कारण त्यातला प्रीअँप (आत येणारा आवाज वाढवणारा भाग) त्याच्या वाद्याला चांगला बसतो. बाहेर जाणारा सगळा आवाज मुख्य इंटरफेसमधून. म्हणजे व्हायोलिन एका उपकरणातून आत येऊन दुसऱ्यातून बाहेर पडत होतं, आणि गायिका एकाच उपकरणातून ये-जा करत होती. उशीर फक्त व्हायोलिनलाच का, याचं उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होतं. तुमच्याकडेही हे बघा: उशीर सगळ्यांना होतोय की एकालाच? एकालाच असेल तर त्याचा मार्ग इतरांपेक्षा कुठे वेगळा होतो ते शोधा, अर्धं काम झालं.

मोजमाप

कानाने मोजू नका. हळू वाढणाऱ्या उशिराशी वादक नकळत जुळवून घेतो आणि ३० मिलिसेकंदांपर्यंत कुणी काही बोलत नाही.

पद्धत अशी. मुख्य इंटरफेसच्या एका रिकाम्या आउटपुटमधून दर ५ सेकंदांनी एक क्लिक पाठवा. ती क्लिक दोन वाटांनी परत आणून दोन ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करा: एक वाट थेट, आउटपुटमधून केबलने त्याच इंटरफेसच्या इनपुटमध्ये, आणि दुसरी संशयित वाट, म्हणजे दुसऱ्या उपकरणातून किंवा आभासी केबलवरून फिरून आलेली. मग दोन्ही ट्रॅक मोठे करून एकाच क्लिकच्या दोन खुणांमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. थेट वाट ही तुमची फूटपट्टी आहे. ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम आपल्या बाजूने जी भरपाई करतो ती सहसा दोन्ही ट्रॅकना सारखीच लागू होते, आणि तशीही ती बदलत नाही. आपल्याला फरकातली वाढ हवी आहे.

क्लिकमधलं अंतर ५ सेकंद ठेवायला कारण आहे. दर अर्ध्या सेकंदाला क्लिक ठेवली आणि उशीर अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेला, तर कोणती क्लिक कोणाची हेच कळत नाही.

दुसरं उपकरण यूएसबी माइक असेल आणि त्यात केबल घालता येत नसेल, तर तो माइक आणि मुख्य इंटरफेसला जोडलेला साधा माइक शेजारी शेजारी ठेवा आणि दर ५ मिनिटांनी दोन्हींपासून सारख्या अंतरावर एक टाळी वाजवा. दोन ट्रॅकवरच्या टाळ्यांमधलं अंतर तेच सांगेल.

लिनक्सवर जॅक (प्रोग्रॅम आणि उपकरणांमध्ये आवाज जोडणारी प्रणाली) वापरत असाल तर जॅक-आयओडिले हे छोटं साधन केबल जोडल्यावर उशीर सतत मोजून दाखवतं, त्यामुळे वाढ डोळ्यांसमोर दिसते.

मोजणी कार्यक्रमाएवढा वेळ चालली पाहिजे. दोन मिनिटांत काही कळत नाही. मी ४० मिनिटं चालवली आणि दर पाच मिनिटांनी सुरुवातीपासून झालेली वाढ कागदावर लिहिली: ०, ११, २२, ३३, ४४ मिलिसेकंद, अशी ती सरळ चढत गेली. मिनिटाला २.२. तो कागद लिहून होईपर्यंत मला कारण कळलेलं होतं.

आकड्यांचा आकार काय सांगतो

माझ्या मते सगळ्या शोधात हा भाग सर्वात मोलाचा आहे. वाढ कशी होते यावरून कारण जवळपास नेमकं कळतं, सेटिंग उलटीपालटी न करता.

सरळ, संथ, न थांबणारी वाढ, मिनिटाला काही मिलिसेकंदांची किंवा त्याहून कमी: दोन वेगळी घड्याळं. प्रत्येक इंटरफेसमध्ये क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारं स्वतःचं घड्याळ असतं आणि सॅम्पल कधी घ्यायचं ते तेच ठरवतं. आपण दोन्हीकडे ४८,००० निवडतो, पण कुठलेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांमागे ५० चा फरक धरला तर मिनिटाला ३ मिलिसेकंद आणि तासाला १८० होतात. माझ्याकडे छोटा इंटरफेस मुख्य इंटरफेसच्या मापाने सेकंदाला सुमारे पावणेदोन सॅम्पल जास्त देत होता, ४८,००० च्या जागी ४८,००१.७५. कुणाच्याही कानाला हा स्वरातला फरक कळणार नाही. पण पावणेदोन गुणिले ६० म्हणजे मिनिटाला १०५ सॅम्पल, तेच ते २.२ मिलिसेकंद, आणि २५ मिनिटांत ५५. दोन्ही उपकरणं आपापल्या जागी चांगली होती. एकत्र जोडल्यावर मात्र हौद भरत होता.

याचीच उलटी बाजूही ओळखून ठेवा. देणारं उपकरण हळू आणि घेणारं वेगवान असेल तर रांग वाढण्याऐवजी रिकामी होते आणि ठरावीक वेळाने एक बारीक टक् ऐकू येतं. पावणेदोन सॅम्पलचा फरक आणि २५६ सॅम्पलचा साठा असेल तर दर अडीच मिनिटांनी. कुणी घड्याळ लावल्यासारखी नियमित टक्-टक् सांगत असेल तर केबल बदलत बसण्याआधी घड्याळं तपासा.

झपाट्याने वाढ, सेकंदाला ८० मिलिसेकंदांच्या आसपास: एकीकडे ४४,१०० आणि दुसरीकडे ४८,०००. सेकंदाला ३,९०० सॅम्पलचा फरक पडतो आणि काही सेकंदांत हौद काठोकाठ भरतो. मग प्रोग्रॅम जुनं फेकून देऊ लागतो आणि आवाज फाटतो. बऱ्याचदा स्वरही सरकतो, सुमारे दीड अर्धस्वर वर किंवा खाली, त्यामुळे हे लवकर पकडलं जातं. सगळीकडे एकच सॅम्पल रेट करा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या ध्वनी सेटिंगमध्येसुद्धा. एखादा ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअर उघडा राहिला आणि त्याने रेट परस्पर बदलला, असंही होतं.

पायऱ्यांनी वाढ, मधे सपाट आणि मग एकदम उडी: आवाजाचे तुकडे वेळेवर पोचत नाहीत. पुलापलीकडचा प्रोग्रॅम एका क्षणी मागे पडतो, पूल त्या जागी शांतता भरतो, मग उशिरा आलेला तुकडा रांगेत उभा राहतो आणि ती एक जागा कायमची अडते. पायरीची उंची बघा. ती बफरएवढी असेल, म्हणजे २५६ ला ५.३ मिलिसेकंद किंवा त्याची पट, तर हेच कारण.

संगीताबरोबर वाढणारी आणि शांततेत ओसरणारी वाढ: आवाजाचे थर किंवा संदेश साचत आहेत.

घड्याळं एकत्र आणणं

सर्वात चांगला उपाय म्हणजे एकच घड्याळ. शक्य तिथे सगळं एकाच इंटरफेसमध्ये घाला. मी शेवटी तेच केलं: छोट्या इंटरफेसऐवजी एक साधा प्रीअँप आणला आणि व्हायोलिन मुख्य इंटरफेसच्या तिसऱ्या लाइन इनपुटमध्ये आलं. एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: इनपुट इंटरफेसमधून आणि ऐकणं लॅपटॉपच्या हेडफोनमधून, हीसुद्धा दोन उपकरणं आहेत, दोन घड्याळं आहेत. सरावाला सोय म्हणून आपण असं करतो आणि मग उशीर का वाढतो ते कळत नाही.

दोन इंटरफेस लागणारच असतील तर त्यांना केबलने एका घड्याळावर आणा. वर्ड क्लॉक, एस/पीडीआयएफ किंवा अडॅट, या घड्याळ पोचवणाऱ्या जोडण्यांपैकी जी दोन्हीकडे असेल ती. एकाचं क्लॉक अंतर्गत ठेवा, दुसऱ्याचं बाह्य. दुसऱ्यावर 'लॉक' झाल्याचा दिवा स्थिर लागला पाहिजे. तो लुकलुकत असेल तर घड्याळ जुळलेलं नाही. दोन्हीकडे अंतर्गत क्लॉक राहून गेलं तर केबल असूनही काही उपयोग होत नाही. ही चूक मी दुसऱ्यांच्या मांडणीत बऱ्याचदा बघितली आहे.

यूएसबी माइक किंवा स्वस्त इंटरफेसला अशी जागा नसते. तिथे सॉफ्टवेअरला सतत मापून रेट किंचित ताणावा-आवळावा लागतो, म्हणजे रीसॅम्पलिंग. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप या प्रोग्रॅममध्ये एकत्रित उपकरण बनवलं की त्यातलं एक उपकरण घड्याळाचं मुख्य म्हणून निवडा आणि बाकीच्यांसमोर 'ड्रिफ्ट करेक्शन'ची खूण करा. मुख्य उपकरणासमोर नको, बाकी सगळ्यांसमोर हवी. लिनक्सवर पाइपवायर ही ध्वनी प्रणाली दोन उपकरणांमधला हा फरक स्वतःच भरून काढतं. जॅक असेल तर झिटा-एजेब्रिज वापरा, तो याच कामासाठी बनवला आहे. विंडोजवर असिओ ही ड्रायव्हरची पद्धत मुळात एका वेळी एकाच उपकरणासाठी आहे. दोन उपकरणं एकत्र दाखवणारे थर मिळतात, पण घड्याळं जुळवण्याची जबाबदारी ते घेतात की नाही हे तासभर मोजल्याशिवाय मानू नका.

रीसॅम्पलिंगला किंमत आहे: थोडा ठरलेला उशीर आणि प्रोसेसरवर थोडा भार. मी ते निवेदनाच्या माइकसाठी आनंदाने स्वीकारते. वाद्यासाठी नाही.

ब्लूटूथ हेडफोनचा प्रश्न येतोच. त्यांचा ठरलेला उशीरच शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असू शकतो आणि त्यात स्वतःचा साठाही असतो. लाइव्ह वाजवताना ते वापरू नका, एवढंच.

पायऱ्या दिसल्या तर

इथे प्रोसेसर वेळेवर का पोचत नाही ते शोधायचं असतं, आणि लाइव्ह मांडणीत मला पहिला संशय उष्णतेचा येतो. एका सरावात माझ्या आलेखावर १८ मिनिटं सपाट रेषा होती आणि मग पायऱ्या सुरू झाल्या. टेबलावर जाड कापड अंथरलं होतं, लॅपटॉपची खालची हवेची जाळी त्यात बुडालेली. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, आणि आधी जे काम बफरच्या वेळेत व्हायचं ते आता होत नाही. लॅपटॉप उभ्या स्टँडवर ठेवला, त्यानंतर तासभर एकही पायरी नाही. घरी थंड खोलीत चाचणी पास होते आणि स्टेजच्या दिव्यांखाली नापास होते, याचं कारण बहुधा हेच असतं.

मग वीज. बॅटरीवर चालताना बरेच लॅपटॉप वेग आवरतात. चार्जर लावा, पॉवरचा प्रकार सर्वोच्च कामगिरीवर ठेवा, यूएसबी पोर्टची झोप बंद करा. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा, कारण त्यांचे ड्रायव्हर मधेच प्रोसेसर अडवू शकतात. विंडोजवर लेटन्सीमॉन हे साधन किमान दहा मिनिटं चालू ठेवा, कोणता ड्रायव्हर अडवतोय त्याचं नाव ते दाखवतं. लिनक्सवर पीडब्ल्यू-टॉपमधला चुकांचा रकाना बघा, तिथला आकडा वाढतो त्याच क्षणी पायरी पडते का ते ताडून पाहा. इंटेल मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कर्नल-टास्क एकाएकी वर गेला तर पुन्हा उष्णतेकडे वळा.

इंटरफेस यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. हबवर बाहेरची हार्ड डिस्क आणि इंटरफेस एकत्र तर नकोच.

आणि आता, आताच, बफर मोठा करा. पायऱ्यांवर बफर वाढवणं हा खरा उपाय आहे: १२८ वर दर काही मिनिटांनी पायरी पडत असेल आणि २५६ वर एकही पडत नसेल, तर जास्तीचे पाचेक मिलिसेकंद देऊन स्थिर उशीर मिळतो. वादक ठरलेल्या उशिराशी जुळवून घेतो. हलत्या उशिराशी त्याने काय जुळवून घ्यायचं?

थर आणि संदेश

सुपरकोलायडर, प्युअर डेटा किंवा मॅक्स अशा प्रोग्रॅममध्ये स्वतः वाद्यं बनवत असाल तर हे तपासा: स्वर संपल्यावर त्याचं यंत्र खरंच बंद होतं का? आवाज ऐकू येत नाही म्हणजे हिशोब थांबला असं नाही. सुपरकोलायडरमध्ये एन्व्हलपला (स्वराच्या चढ-उताराच्या आकाराला) डन-ॲक्शन २, म्हणजे संपल्यावर बंद होण्याची सूचना, दिली नाही तर संपलेला प्रत्येक स्वर मागे चालूच राहतो. सर्व्हरच्या पट्टीवर सिंथची संख्या दिसते. शांततेत ती खाली आली पाहिजे. पाच मिनिटांनी ४, दहाव्या मिनिटाला २१० असं दिसलं तर कारण मिळालं. प्लगइन (प्रोग्रॅमला जोडलेल्या) सिंथमध्ये व्हॉइसची, म्हणजे एका वेळी वाजणाऱ्या स्वरांची, मर्यादा घाला आणि स्वर सोडल्यावर फार लांबणारा रिलीज आवरा.

मिडीचा उशीर तर अनेकदा ऑडिओचा समजला जातो. जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलचा वेग १९८३ पासून तोच आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. एका स्वराच्या संदेशाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. त्याच केबलवर एखादा कीबोर्ड आफ्टरटचचे (कळ दाबून धरल्यावरच्या दाबाचे) संदेश सतत सोडत असेल, किंवा ए उपकरण बी ला पाठवतंय आणि बी तेच परत ए ला, अशी साखळी झाली असेल, तर स्वर मागे पडत जातात. न वापरलेले संदेश गाळून टाका आणि 'थ्रू' (आलेले संदेश तसेच पुढे पाठवणं) कुठे कुठे चालू आहे ते बघा.

आठवड्यांमधून वाढणारा उशीर

आणखी एक तक्रार ऐकू येते: मागच्या महिन्यापेक्षा आता उशीर जास्त वाटतो, पण रीस्टार्टने जात नाही. हा साचलेला उशीर नाही. दरम्यान तुम्ही प्लगइन घातलेले असतात. लिनिअर फेज इक्वलायझर (स्वरपट्टे कमी-जास्त करणारे) आणि पुढचं आधी बघणारे लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारे) स्वतःसाठी वेळ मागतात, आणि प्रोग्रॅम बाकी सगळे ट्रॅक त्यांच्यासाठी थांबवतो. ४,०९६ सॅम्पल मागणारा एक प्लगइन म्हणजे ४८,००० वर ८५ मिलिसेकंद. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक प्लगइनच्या खिडकीत खाली हा आकडा सॅम्पलमध्ये दिसतो. असे प्लगइन लाइव्ह फाइलमधून काढून टाका. ते मिक्सिंगच्या टेबलावर शोभतात.

कार्यक्रमाआधी आणि कार्यक्रमात

माझी शेवटची चाचणी नेहमी कार्यक्रमाच्या दीडपट वेळ चालते. ६० मिनिटांच्या कार्यक्रमाला ९० मिनिटं. सगळं चालू ठेवून: लूप, रिव्हर्ब, प्रोजेक्टरला जाणारा व्हिडिओ, चार्जर, तीच केबल, तोच स्टँड. कुणी वाजवायला नसेल तर जुनं ध्वनिमुद्रण इनपुटमध्ये सोडते. एका वेळी एकच बदल करते आणि आकडे लिहिते. दोन बदल एकदम केले की कोणता लागू पडला ते कधीच कळत नाही.

तरीही रात्री काही झालंच तर दोन सोयी आधी करून ठेवा. पहिली, फक्त संशयित पूल बंद-चालू करणारी एक कळ. संपूर्ण इंजिन नव्हे, फक्त पूल, आणि त्याआधी तो चॅनल म्यूट करणारी. ती रचनांच्या मधे, टाळ्यांमध्ये दाबायची. दुसरी, इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग तयार ठेवा, म्हणजे वाद्याचा कोरडा आवाज कॉम्प्युटरमध्ये न शिरता थेट वादकाच्या कानात जाईल. रचनेच्या मध्यावर उशीर जाणवला तर मी त्याच्या इअरफोनमधला कॉम्प्युटरचा आवाज खाली घेते आणि कोरडा वर करते. रिव्हर्ब श्रोत्यांसाठी चालूच राहतो, आणि रिव्हर्ब ५० मिलिसेकंद मागे असला तरी श्रोत्यांना तो फक्त मोठ्या खोलीसारखा वाटतो. सहकाऱ्याशी त्यासाठी एक खूण ठरवली आहे: तो गज किंचित खाली करून माझ्याकडे बघतो.

व्हायोलिन मुख्य इंटरफेसमध्ये आणल्यानंतर मी त्याचा एकूण उशीर मोजला. सुरुवातीला ९.१, तिसाव्या मिनिटाला ९.१, नव्वदाव्या मिनिटाला ९.१. तो कागद लॅपटॉपच्या झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात चिकटवलेला आहे, खाली मांडणीचं चित्र आणि तारीख. नवीन उपकरण जोडलं की नवीन कागद.